उजेडानं घडवलेला टाक

बोरगाव मेघे, वर्धा
८ जुलै २००३, मंगळवार

चि. हर्षा,

देवीच्या रिकाम्या पाटासमोर बसून लिहिते आहे, म्हणून आधी आशीर्वाद आणि मग बाकीचं.

आपल्या गल्लीतला प्रफुल काल हैदराबादेहून आला आणि तुझी डबी देऊन गेला. तिन्हीसांजेची वेळ होती म्हणून ती तशीच ठेवली. आज मंगळवार, देवीचा वार, म्हणून न्हाऊन-धुऊन उघडली आणि उघडी डबी हातात धरून कितीतरी वेळ नुसती बसले.

हर्षा, आपला चांदीचा टाक माझ्या सासूबाईंनी आणि त्यांच्या आधी त्यांच्या सासूबाईंनी राखेनं घासून घासून गुळगुळीत केला होता. रेणुकेला नाक उरलं नव्हतं की डोळे. झिजलेला टाक पूजेत ठेवू नये असं अण्णाजी गुरुजी केव्हापासून सांगत होते. तू उन्हाळ्यात आलीस तेव्हा म्हणालीस, काकू, सोनाराकडे कशाला जातेस, आमच्या प्रयोगशाळेत उजेडानं धातूवर कोरता येतं, मी तुला तांब्याचा टाक करून देते. त्या भरवशावर मी गेल्या आठवड्यात पवनारला जाऊन जुना टाक धाम नदीत सोडला. आणि तुझ्या डबीत निघाला काळा पत्रा.

काळा म्हणजे तव्याच्या बुडासारखा नाही, तव्याला थोडी चमक तरी असते. हा मखमलीसारखा काळा. बोट फिरवलं तर बोटाला काजळी नाही. मध्ये रेणुकेचं तोंड आहे, नाक-डोळे-मळवटाच्या रेघा तेवढ्या तांबूस. तुझे काका चष्मा वर करून पाहत होते. म्हणाले, "हे देवी हाये का जळेल चकती?"

मी चिंच भिजत घातली होती. तांबं काळं पडलं की चिंच, हे मला कोणी शिकवायला नको. पण तुझ्या चिठ्ठीत 'अजिबात घासू नको' याच्याखाली दोन रेघा होत्या, म्हणून हात थांबला. चिंच वाया कशाला घालवायची, वरणात टाकली.

खरं सांग, काम करताना जळला का? जळलेला देव देवघरात चालत नाही. घटस्थापनेला तुझे बाबा कारंज्याहून येतील. घरात मोठे म्हणून टाकाला स्नान त्यांच्याच हातून होतं, सगळ्यांच्या देखत. तुला एवढ्या लांब शिकायला पाठवायला ते तयार नव्हते. "सुमित्रा जबाबदारी घेत असेल तर जाऊ दे," म्हणाले होते आणि मी घेतली. पोरीनं केलेला देव पाहून ते काय म्हणतील, ते तूच समज.

फोन करू नकोस. फोन शेजारच्या प्रभाकररावांच्या बैठकीत आहे, तिथं देवीचं बोलणं नको.

तुझी
सुमित्राकाकू


हैदराबाद
१५ जुलै २००३

प्रिय काकू,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग तू रिकाम्या पाटासमोर बसली आहेस हे डोळ्यांपुढे आलं आणि हसू थांबलं. मी आधीच नीट सांगायला हवं होतं.

टाक जळला नाही. काळा रंग नाही, काजळी नाही. ते तांबंच आहे.

आमच्याकडच्या लेसरचा उजेड नळाच्या धारेसारखा सलग येत नाही, ठोक्याठोक्यानं येतो. एकेक ठोका किती लहान? पापणी लवायला लागतो तेवढ्या वेळाचे कोटी तुकडे कर आणि त्यातल्या एकाचे पुन्हा लाख. एवढ्या वेळात धातूच्या अगदी वरच्या कातडीला कळतही नाही काय झालं. ती उकळते आणि तिथल्या तिथे गोठते. खालचं तांबं थंडच राहतं. गोठताना पृष्ठभागावर सऱ्या पडतात, सऱ्यांवर बारीक दाणे उठतात. हे सगळं इतकं लहान की डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा शेकडो सऱ्या मावतील. उजेड त्या सऱ्यांमध्ये शिरतो, इकडून तिकडे आपटत राहतो आणि बाहेर येत नाही. भर दुपारी विहिरीत डोकावलं तरी तळ काळाच दिसतो ना, तसं. विहिरीत कोणी काळा रंग ओतलेला नसतो.

उन्हाळ्यात मी जुन्या टाकावर कागद ठेवून शिसपेन्सिल फिरवली होती, त्यावरून रेणुका घेतली. नाक-डोळे मात्र मी माझ्या मनचे दिले. तिथं उजेड फिरवला नाही, म्हणून त्या रेघा तांबूस राहिल्या. सरांना विचारून केलंय, चोरून नाही.

चिंच, राख, तेल, तूप यातलं काही लावू नकोस. सऱ्या मोडतील नाहीतर बुजतील. साधं पाणी चालेल. एक थेंब घालून बघच. चांगल्या घासलेल्या तांब्यावर पाण्याचा थेंब गोळा होऊन बसतो. याच्यावर टेकता क्षणी पसरून दिसेनासा होईल.

तुझी
हर्षा


बोरगाव मेघे
२५ जुलै २००३, शुक्रवार

चि. हर्षा,

आज आषाढातला शुक्रवार पाहून स्थापना केली. अण्णाजींनी पाटावर तांदूळ घालून टाक बसवला, मंत्र म्हटले. त्यांनाही आधी काळा रंग पाहून कसंसंच झालं, पण शालिग्राम काळाच असतो असं तेच म्हणाले आणि तेच समाधानानं बसले.

मी पळीनं पाणी घातलं. हर्षा, पाणी टेकलं आणि गेलं. तापलेल्या जमिनीनं पहिला शिंतोडा प्यावा तसं तिनं ते घेतलं. माझ्या हाताला काटा आला. जुना टाक पाण्याखाली नुसता निथळायचा. ही पाणी पिते. अण्णाजी पंचांगात डोकं घालून होते, त्यांना दिसलं नाही. मला दिसलं.

आणि तुझ्या त्या सऱ्या-दाण्यांचं एवढं लांबण लावायची गरज नव्हती. आपला पाटा वापरून गुळगुळीत झाला की वाटण नुसतं सरकतं. मग टाकीवाली येते, छिन्नीनं बारीक खड्डे पाडून देते आणि मिरची पुन्हा वाटली जाते. तू तांब्याला टाकी लावलीस, एवढं लिहिलं असतंस तरी मला समजलं असतं.

पंचामृत फक्त नवरात्रात करते, रोज साधं पाणी. तेव्हा तुपाची काळजी करू नकोस. तुझे काका म्हणतात, "पोरीले सांगजो, देवी झकास जमली." चकती म्हणाले होते ते विसरले.

सुमित्राकाकू


हैदराबाद
२ ऑगस्ट २००३

काकू,

कार्डावर दोनच ओळी. तुझी टाकीवाली मी सरांना सांगितली. त्यांनी फळ्यावर पाटा काढला आणि पुढचा तासभर सगळे 'टाकी'च म्हणत होते. देवी पाणी पिते हे वाचून फार बरं वाटलं. सध्या मापं घेण्याचं काम खूप आहे, पत्राला उशीर झाला तर रागावू नकोस.

हर्षा


बोरगाव मेघे
८ सप्टेंबर २००३

हर्षा,

हे पत्र पाटासमोर, गुडघ्यावर कागद ठेवून लिहिते आहे. अक्षर वाकडं आलं तर तसंच वाच.

तळेगावच्या शकुबाई, तुझ्या काकांच्या चुलत काकू, ऑगस्टात वारल्या. आपल्याला सुतक आलं. सुतकात आपल्याकडे देवाला हात लावत नाहीत, म्हणून टाक कोरडा करून सागवानी पेटीत ठेवला आणि आम्ही तळेगावला गेलो. तेरवी झाली, त्यांच्या सुनेला बाळंतपणाचे दिवस भरत आलेले, म्हणून मी मागं राहिले. पोळा करूनच परतले. घर सारवलं, गोमूत्र शिंपडलं, न्हाले आणि पेटी उघडून टाक पाटावर ठेवला.

पाणी घातलं. तिनं घेतलं नाही.

घेतलं नाही म्हणजे कसं सांगू. पळीतून पाणी पडलं आणि त्याच्या गोळ्या झाल्या. मण्यांची माळ तुटावी तशा गोळ्या घरंगळल्या आणि ताम्हणात पडल्या. टाकाला हात लावून पाहिला. कोरडा. मी पुन्हा घातलं, पुन्हा तेच. एक गोळी तर वर उडून पडली, जशी काही तिनं झटकली. हळदीकुंकू वाहिलं होतं, पाण्याच्या गोळ्यांनी तेही उचलून नेलं. देवीचं तोंड पुसल्यासारखं कोरं.

तुझे काका दारात उभे होते. त्यांनीही पाहिलं. "अवं, पाणी कुठी गेलं? हे कोरडी काऊन?" दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

जी पाणी पीत होती ती झटकायला लागली. मध्ये काय झालं? सुतक मोजण्यात माझी चूक झाली का? तळेगावहून मी काही घेऊन आले का? सगळं आठवून झालं आणि शेवटी एकच राहिलं, ते विचारते, रागावू नकोस. टाक केलास त्या दिवशी तुझी अडचण तर नव्हती? तू बाहेरची तर नव्हतीस? असशील तर खरं सांग, त्यावर उपाय असतो.

अण्णाजींना मी नाव न घेता विचारलं. म्हणाले, जो देव पाणी घेत नाही तो त्या घरात राहायला तयार नाही, त्याला वाहत्या पाण्यात सोडावं. घटस्थापनेला तुझे बाबा सगळ्यांदेखत पळी धरतील आणि पाणी घरंगळेल. ते एकच बोलतील, हर्षाला परत आणा. मी तेवीस तारखेच्या मंगळवारी पवनारला जाऊन टाक सोडून येणार आहे. यंदा घट सुपारीवर बसवू. विचारलं तर सांगीन, टाक अजून झाला नाही.

सुमित्राकाकू


हैदराबाद
१४ सप्टेंबर २००३

काकू,

तुझा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. तू मला न्हाऊ घातलंस, माझ्या परीक्षांसाठी उपास केलेस, आणि टाक बिघडला तर पहिला संशय माझ्या अंगावर. टाकाला त्या दिवशी माझा हात लागलाच नाही. चिमट्यानं धरला होता. लागला तो उजेड. आता उजेडाची कोणती तारीख होती तेही विचार.

आणि तू लिहितेस ते होऊच शकत नाही. असा पृष्ठभाग पाणी ओढतो. मी वर्षभर हेच मोजते आहे. पेटीत तेलाचा हात लागला असेल, नाहीतर कोणीतरी मेण लावलं असेल. नमुना कोणी हाताळला ते आठव.

दुसऱ्या दिवशी पुढे लिहिते.

काकू, काल हे पत्र अर्धवट ठेवून प्रयोगशाळेत गेले. मे महिन्यात केलेला एक नमुना, कडा वाकडी झाली म्हणून टाकून दिलेला, खणात मागे पडला होता. चिडूनच त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब घरंगळला आणि माझ्या चपलेवर पडला. मी दुसरा सोडला. मग खुर्ची ओढून बसले आणि तिसरा.

आम्ही आमचे नमुने रोज संध्याकाळी स्पिरिटनं धुतो. स्वच्छ राहावेत म्हणून. त्यामुळे ते रोज नव्यासारखे होतात आणि पाणी पीत राहतात. नुसते कोरड्या हवेत पडून राहिले तर काय होतं, ते आमच्यापैकी कोणी पाहिलंच नव्हतं. तू पाहिलंस, सुतक पाळताना. हवेत जे काही बारीक चिकट तरंगत असतं, त्याचा थर सऱ्यांवर बसत असावा आणि मग पाणी त्यांच्या टोकांवरच अडत असावं. अजून नक्की सांगता येत नाही.

आता माझं ऐक. तो नमुना नदीत सोडू नकोस. इतकं बारीक काम मी दुसऱ्या कुठल्या नमुन्यावर केलेलं नाही. खणातला नमुना वाकडा आहे, त्याच्यावर मापं होणार नाहीत. तुझ्याकडचा नमुना गेला तर वर्षभराच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा जाईल. स्पीडपोस्टनं पाठवते आहे. उत्तर दे.

हर्षा


बोरगाव मेघे
२३ सप्टेंबर २००३, मंगळवार

हर्षा,

तुझं पत्र शुक्रवारी मिळालं. मिळाल्यावरही मी आज पवनारला गेले, हे आधी सांगून टाकते.

का गेले ते ऐक. अडचणीचं मी विचारायला नको होतं, ते तुझं खरं. पण तुझ्या पत्रात सगळीकडे नमुना, नमुना. एका ठिकाणीही देवी नाही. माझ्या घरात मंत्रानं बसवलेली रेणुका तुझ्यासाठी खणात मागं पडलेल्या चकतीची बहीण झाली. मला वाटलं, जिला माझ्या घरी पाणी नको आणि जी तुझ्या घरी देवी नाही, तिला मी कुठं ठेवू? नदीत तरी तिची ती राहील.

तुझे काका ऑटोत सोबत होते. उतरल्यावर म्हणाले, "अजून इचार कर. पोरगी इतकं लिहून राह्यली." मी पायऱ्या उतरले.

जुना टाक सोडला त्याच दगडावर बसले. ओटी भरली. पाणी पायरीला लागलेलं होतं, पावसानं गढूळ झालेलं आता निवळलेलं. टाक मुठीत घेऊन हात पाण्यात घातला आणि सोडण्याआधी शेवटचं तोंड पाहावं म्हणून मूठ उघडली.

हर्षा, तळहातावर चांदीचा टाक होता.

काळा नव्हता. चांदी, लखलखीत, नुकतीच सोनाराकडून आणल्यासारखी, आणि तिच्यात तुझ्या हातचे तांबूस नाक-डोळे. मला वाटलं, मी सोडलेला टाक परत वर आला. नाक-डोळे घेऊन परत आला. माझ्या तोंडून आवाज निघाला तो कसला, मला माहीत नाही. पाय सटकला, कमरेएवढ्या पाण्यात गेले. तुझ्या काकांनी दंडाला धरून ओढलं नसतं तर मी आणि देवी दोघीही गेलो असतो. पण मूठ मी सोडली नाही.

वर आल्यावर मूठ उघडली. काळी. आणि कोरडी. मी कमरेपर्यंत भिजलेली आणि ती ठणठणीत कोरडी. काकांनी हात लावून पाहिला. मग स्वतः पाण्यात बुडवली, चांदी. काढली, काळी. पुन्हा बुडवली. दगडावर धुणं धुणाऱ्या दोघीजणी पाहायला आल्या तेव्हा त्यांनी ती खिशात घातली आणि म्हणाले, "चाल घरी. हिले सोडाची कोणाची छाती हाये."

ती पाटावर आहे. परवाच्या दिवशी तुझे बाबा येतील. हे काय आहे? आता फोन आला तरी चालेल. पण तू लिही, म्हणजे मला दोनदा वाचता येईल.

काकू


हैदराबाद
२९ सप्टेंबर २००३

प्रिय काकू,

तुझं पत्र घेऊन मी नळाखाली बादली ठेवली आणि तो वाकडा टाक बुडवला. नमुना लिहिणार नाही आता. तोही चांदीचा झाला. प्रयोगशाळेतले सगळे बादलीभोवती उकिडवे बसले होते.

ती हवा आहे, काकू. सऱ्या पाण्याला आत येऊ देत नाहीत, म्हणून बुडवताना त्यांच्यात भरलेली हवा तिथंच अडकते. टाकावर हवेचं पातळ पांघरूण असतं. पाण्यातून त्या पांघरुणाकडे तिरकं पाहिलं की उजेड आत न शिरता आरशासारखा परततो, म्हणून चांदी. समोरून सरळ पाहिलं तर काळीच दिसेल. बाहेर काढली की वेगळं पांघरूण उरत नाही, पाणी तर लागलेलंच नसतं, म्हणून कोरडी.

एवढं सगळं मला समजतं. पण तू मूठ सोडली नाहीस हे वाचून मी रडले, ते कशामुळे ते नीट समजत नाही. मी देवीला नमुना म्हटलं, ते मागे घेते. ती तुझ्याकडेच राहू दे. मी दुसरा टाक करीन आणि त्याला सुतकात ठेवीन.

घटस्थापनेला काय झालं? बाबांचं काही कळलं नाही, म्हणून जीव टांगणीला आहे.

हर्षा


बोरगाव मेघे
६ ऑक्टोबर २००३

चि. हर्षा,

दसरा काल झाला. आज सवड मिळाली.

घटस्थापनेला तुझे बाबा पाटासमोर उभे राहिले. त्यांनी पळी उचलायच्या आत मी पितळेचं घंगाळ पाण्यानं भरून पुढं ठेवलं आणि तुझ्या काकांकडून सांगवलं की यंदापासून या टाकाला वरून पाणी घालायचं नाही, पूर्ण बुडवून स्नान द्यायचं. काकांनी टाक घंगाळात जरा कलता टेकवला, तिरकं पाहिलं तरच चांदी दिसते हे आम्ही दोघांनी आदल्या रात्री बादलीत पाहून ठेवलं होतं. तुझे बाबा उभ्यानं पाहत होते. "हे काय केलं पोरीनं? काळी ठिक्कर," म्हणाले. "एवढ्यासाठी पाठवलं का तिले?"

मी लग्न होऊन आल्यापासून भासऱ्यांसमोर, तुझ्या बाबांसमोर, तोंड उघडलेलं नाही. तू जाणतेस. त्या दिवशी पदर सारखा केला आणि म्हणाले, "भाऊजी, उभ्यानं दिसत नाई. वाका थोडं."

सगळे माझ्याकडं पाहायला लागले. तुझे बाबा माझ्याकडं न पाहता वाकले. आणखी थोडे वाकले. मग गुडघे टेकून बसले, आणि उठेचनात. टोपी काढून त्यांनी मांडीवर ठेवली. त्यांना तसं मी त्यांच्या आई गेल्या तेव्हाच पाहिलं होतं. शेवटी काकांना विचारलं, "हर्षाचं अजून किती राह्यलं?" काकांनी सांगितलं, दोन वर्षं. "होऊ दे," म्हणाले. एवढंच. परत आणायचं कोणी बोललं नाही. पंचामृत मी यंदा सुपारीवर केलं, टाकाला तूप लागू दिलं नाही.

आता तुझ्या हवेचं. तुझ्यावर विश्वास होता तरी मी पडताळून पाहिलं. परसात धोपा आहे, तुझ्या पुण्याच्या मैत्रिणी ज्याला अळू म्हणतात तो. वड्यांसाठी पानं तोडली होती, त्यातलं एक बादलीत बुडवलं. हर्षा, पान चांदीचं झालं. इतकी वर्षं धोपा धुते आहे, कधी लक्ष दिलं नाही. मग बादलीतच हात ठेवून बसले. म्हणजे माझी देवी धोप्याच्या पानासारखी. मला वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

तू म्हणतेस हवा, तर हवा. माझ्या मनाला ते असं समजलं की मी तिला बुडवायला नेली तेव्हा तिनं श्वास धरून ठेवला होता.

टाक प्रफुलबरोबर पाठवते आहे. सागवानी पेटीतच आहे, तीही राहू दे. नवरात्र झालं, आता देवीनं माहेरी जायला हरकत नाही, आणि तिचं माहेर तुमच्या त्या उजेडाच्या खोलीतच आहे. मापं घे, सरांना दाखव. स्पिरिट लावू नका. कोणी पाहायला आलं तर वाकायला सांग. पुढच्या घटस्थापनेला तू स्वतः घेऊन ये, तोवर मी सुपारीवर भागवते.

आणि माहेराहून निघताना तिची जरा ओटी भर. रिकाम्या हातानं पाठवू नकोस.

तुझी
सुमित्राकाकू